दुसरं पाणी

आमच्या भाडेकरू सरांनी आयुष्यात एकाही वस्तूला कुलूप लावलं नाही. आणि मी कुलूप लावलं नाही अशी वस्तू आमच्या घरात शोधून सापडायची नाही. पीठाचा डबा, पाण्याची टाकी, देवघर, सगळ्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला. अशी दोन माणसं एका अंगणात एकोणीस वर्षं राहिली.

सर बीडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. बायको लवकर गेली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि शहरातल्या फ्लॅटच्या खिडकीतून गवताची काडीसुद्धा दिसत नाही म्हणून ते पालीला आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले. आले त्या दिवशी मी त्यांच्या हातात कुलूप आणि दोन किल्ल्या ठेवल्या. त्यांनी कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं, "वजनदार आहे" म्हणाले आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवून दिलं. एकोणीस वर्षं ते कुलूप वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून तिथंच बसून होतं. स्कूटरची किल्ली स्कूटरलाच लटकलेली. पुस्तकांच्या कपाटाची दारं तर त्यांनी बिजागऱ्यांपासून काढली आणि झाडपाला दाबायला त्यांच्या फळ्या केल्या.

मी एकदा विचारलं, "सर, कावून कुलूप लावत न्हाईत? चोर आला म्हंजी?"

"आला तर वाचत बसेल, मावशी."

चोर आला नाही. आमची पांढरी शेळी मात्र आली. मांजरसुंब्याच्या घाटातून महिनाभर हिंडून गोळा केलेली, कागदात दाबून वाळवलेली झाडं तिनं एका दुपारी निम्मी खाऊन टाकली. मी काठी घेऊन धावले. बघते तर सर शेळीशेजारी मांडी घालून बसलेले, हातात वही.

"मारू नका तिला. हे बघा, या तिघांना तिनं तोंड लावलं नाही. हुंगलं आणि सोडलं. याचा अर्थ काय असेल?"

"अर्थ ह्यो की तिचं पोट भरलंय."

त्यांनी मान डोलावली आणि तेही वहीत लिहून घेतलं.

या झाडपाल्याचा खरा जाच मला पेपरापायी झाला. मी चौथीपर्यंत शिकले, पण पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, निधनाच्या बातम्या सगळ्यात आधी. सर सकाळी येऊन "पाच मिनिटं देता का" म्हणत पेपर न्यायचे आणि तो महिन्याभरानं परत यायचा, इस्त्री केल्यासारखा सपाट, मधल्या पानावर हिरवा डाग आणि एखादी विसरलेली काडी. निवडणूक कोण जिंकलं ते मला जिंकलेल्यांचे सत्कार उरकल्यावर कळायचं. एकदा ओळखीतल्या एका माणसाच्या तेराव्याला जायचं राहून गेलं, कारण तो महिनाभर तरोट्याखाली दाबलेला होता. मी चिडले तर सर म्हणाले, "पण तरोटा किती छान वाळलाय बघा."

रस्त्यानं जाताना तेच. कुठं काही नवीन उगवलेलं दिसलं की स्कूटर आहे तिथं उभी करायची, मग तो रस्ता असो की पूल. कारखाने सुरू असतानाच्या दिवसांत एकदा उसाचे ट्रॅक्टर त्यांच्यामागं रांगेनं थांबले. पहिला ड्रायव्हर "मेलं का काय बे म्हातारं" असं ओरडत उतरला. सरांनी त्यालाच भिंग दिलं आणि फूल दाखवलं. तो ड्रायव्हर पुढं तीन-चार वर्षं कुठून कुठून रोपटी उपटून आमच्या दारात टाकून जायचा. बहुतेक गाजरगवतच असायचं. सर प्रत्येक वेळी मनापासून आभार मानायचे.

शोधनिबंध छापणं हा सरांच्या धंद्याचा भाग. पण त्यात ते कधी शहाणे झाले नाहीत. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की त्यांना देशोदेशीच्या मासिकांची पत्रं आलेली असायची. ती मला मराठीत वाचून दाखवायचे. "थोर शास्त्रज्ञ महोदय, दातांच्या रोगावरचा आपला अमूल्य लेख आम्हाला द्यावा. फी भरताच तीन दिवसांत छापू." ही मासिकं खोटी, पैसे उकळायला काढलेली, हे सरांना ठाऊक होतं. तरी आलेल्या पत्राला उत्तर न देणं त्यांना जमायचं नाही. ते लिहायचे, "मी दंतवैद्य नाही. माझे स्वतःचे नऊ दात शिल्लक आहेत. शिवाय तीन दिवसांत फार तर मटकीला मोड येतात, लेख तपासून होत नाही." शेवटी त्यांच्या पत्रातल्या इंग्रजीच्या चुका क्रमवार लावून द्यायचे. उत्तर येतं म्हटल्यावर ते लोक दुप्पट पत्रं पाठवायचे. शेवटी शेवटी सरांची लॅपटॉपातली पत्रांची पेटी इतकी भरली की कामाचं पत्र आलं तरी सापडेना.

कॉलेजातल्या बऱ्याच जणांनी अशाच मासिकांत पैसे भरून लेख छापून आणले आणि बढत्या घेतल्या. सरांनी ते भर सभेत बोलून दाखवलं. त्याचा परिणाम असा झाला की ते ज्या जागेवर लागले त्याच जागेवरून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला हार एकच आला, तो मी नेलेला.

खरी मासिकं वेगळी, तिथं लेख वर्ष वर्ष तपासतात, असं सर सांगायचे. पण सरांना वाचायचं असलेलं तिथलं बहुतेक सगळं कुलपात असायचं. कॉलेज पूर्वी वर्गणी भरायचं, ती बंद झाली. मग सर लेख लिहिणाऱ्यालाच सरळ पत्र टाकायचे, की मी पाली गावातला एक म्हातारा मास्तर, तुमचा लेख मला वाचायचा आहे. निम्मे लोक खरंच पाठवायचे. असं काही आलं की सर अंगणात येऊन ओरडायचे, "मावशी, ब्राझीलहून आलं!"

"काय आलं?"

"गवत!"

मग माझ्याकडून गुळाचा खडा मागून घ्यायचे आणि ओट्यावर बसून ते ब्राझीलचं गवत दुपारभर वाचायचे.

एका श्रावणात ते वही घेऊन माझ्यासमोर बसले. आमच्या डोंगराच्या उताराला एक कंद होतो, आम्ही त्याला कडूकंद म्हणतो. कच्चा खाल्ला तर घसा सुजतो, पोटात जास्त गेला तर माणूस जगत नाही. पण नीट शिजवला तर पोट भरतं. मी नवी नवरी असताना एका दुष्काळात आमच्या घरानं तोच खाऊन दिवस काढले. तो शिजवायची रीत सासूनं मला शिकवली. सरांना ती लिहून घ्यायची होती. "हे सांगणारं माणूस आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे बायका अशी रीत कधी पुरती सांगत नाहीत. लोणचं असो, औषध असो, शेवटची एक गोष्ट आपल्याजवळ ठेवायची. सगळं सांगितलं की हातगुण जातो, असं सासूचं म्हणणं होतं. तिनंही मला शेवटची पायरी मरणाच्या आठ दिवस आधी सांगितली. त्यात मला वही घेऊन येणाऱ्या माणसांचा अनुभव वाईट. किती जण आले, किती लिहून नेलं, फिरून कुणी तोंड दाखवलं नाही. तेव्हा मी सरांना राखेचं पाणी सांगितलं, चिरायची रीत सांगितली, किती वेळ उकळायचं ते सांगितलं. दुसरं पाणी सांगितलं नाही. हा माणूस कुठं कंद शिजवून खाणार आहे, असं मनात म्हटलं. लिहिलेलं वाचून कुणी तसं करून बघतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षांनी लेख छापून आला, बाहेरदेशातल्या मोठ्या मासिकात. सर लॅपटॉप घेऊन ओट्यावर आले. पडद्यावर वर चार-पाच ओळी होत्या आणि खाली एक चौकोन.

"हा आपला लेख. शेवटच्या पानावर तुमचे आभार मानलेत, नावानिशी."

"मंग उघडा की."

"ते पैसे मागतात."

"कुणाला? तुमाला?"

"कुणालाही. वाचायचं तर पैसे."

"तुमाला किती दिले त्यांनी लिहायचे?"

"काही नाही."

"अन् तपासणाऱ्याला?"

"त्यालाही नाही."

"मंग खातंय कोण?"

सर म्हणाले, "हा प्रश्न फार मोठमोठ्या लोकांनी विचारलाय, मावशी." पुढं म्हणाले, "सगळ्यांना फुकट वाचता येईल असंही छापतात ते. पण मग पैसे लिहिणाऱ्यानं भरायचे. माझं वर्षाचं पेन्शन जाईल."

सरांना स्वतःची एक प्रत मिळाली होती. ती छापून त्यांनी मला दिली. माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मी पाहिलं, कागद नीट घडी घातले, ट्रंकेत ठेवले आणि ट्रंकेला कुलूप लावलं. सर बघतच राहिले. "तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले. मी त्या वेळी हसले होते.

माझी सून रंजना गावच्या अंगणवाडीची सेविका आहे. बी. ए. झालेली आहे आणि जिभेला धार आहे. तीनेक वर्षांमागं तिला रानभाज्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. आयांना आणि लेकरांना खाऊ घालून दाखवायचं, असा तिचा बेत. मी बाजाराला गेलते. परत आले तर स्वयंपाकघरात पाटीभर कडूकंद चिरून राखेच्या पाण्यात उकळत ठेवलेले.

"हे काय चाललंय?"

"उद्याच्याला, आत्या. एक उकळी झाली की काढते, झालंच आता."

"एकाच पाण्यात?"

"सरांच्या लेखात तसंच लिहिलंय की. सरांकडनंच आणला मी. तुमी ट्रंकेत घालून ठिवलाय, त्यांच्या टेबलावर उघडाच पडलेला असतोय."

मी ते पातेलं तसंच उचलून उकिरड्यावर ओतलं. हाताला चटका बसला तो अजून दिसतो. रंजना भांडायला उठली, पण माझं तोंड बघून खाली बसली. दुसऱ्या दिवशी गावातली चाळीस लेकरं ते खाणार होती.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. ते एका वाळक्या फांदीवर चिठ्ठी डकवत बसले होते.

"सर, मी तुमाला खोटं सांगितलं."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "खोटं नाही, अर्धं."

"अर्धं म्हंजी खोटंच. आज लेकरं मेली असती."

मला वाटलं होतं ते रागावतील, निदान का लपवलं ते विचारतील. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, "दुसरं पाणी किती वेळ?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पण अक्षर वाकडं येत होतं. या माणसाचं अक्षर घाटात कड्याला लोंबकळून लिहितानासुद्धा वाकडं आलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांच्याजवळ आणखी एक वही होती. लेख कुणी मागितला की सर आपली प्रत फुकट पाठवायचे आणि त्याचं नाव वहीत लिहायचे. त्या प्रत्येकाला त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं, की माझ्या लेखात चूक आहे, त्याप्रमाणे काही शिजवू नका. सगळ्यांची उत्तरं आली. राहिले ते पैसे भरून वाचणारे. ते कोण, हे सरांना माहीत नव्हतं. मासिकाला विचारलं तर ती नावं सांगता येत नाहीत असं उत्तर आलं.

त्यांची समजूत घालायला मी म्हणाले, "बरंच झालं कुलूप हाय ते. लई जण वाचणारच न्हाईत."

एकोणीस वर्षांत ते माझ्यावर एकदाच रागावले, तेव्हा. "मावशी, पुन्हा असं बोलू नका. कुणी वाचू नये म्हणून मी लिहिलं नाही."

मग दुरुस्ती छापून आणायची खटपट सुरू झाली. सरांच्या पत्राला मासिकाकडून उत्तर आलं, की आपलं पत्र मिळालं, हे उत्तर यंत्रानं दिलेलं आहे, याला उत्तर देऊ नये. सरांनी त्यालाही उत्तर दिलं. पुढं मासिकानं पुरावा मागितला. मग सर, रंजना आणि मी, तिघांनी अंगणात चूल मांडली आणि पहिलं पाणी, दुसरं पाणी असं सगळं रीतसर करून फोटो काढले. पहिल्या पाण्यानंतर सरांनी आम्हाला कळायच्या आत एक चकती जिभेला लावली. ओठ भज्यांएवढे सुजले.

"अवो, तुमी शेळीपेक्षा येडे हाव! शेळीनं तर हुंगून सोडला असता!" मी ओरडले. त्यांना बोलता येईना. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'शेळीची नोंद घ्यायला हवी होती.' तो एकच दिवस आमच्या अंगणात शांतता होती.

मी त्यांना बजावून सांगितलं होतं, "म्हातारीनं लपवलं असं लिहा. नावानिशी लिहा. आभारात नाव चालतंय तर चुकीत बी चालंल." ते "बरं, बरं" म्हणायचे. स्वतःची पेटी त्या खोट्या मासिकांनी भरलेली म्हणून त्यांनी उत्तरासाठी रंजनाच्या मोबाइलवरचा ई-मेल पत्ता दिला होता. रोज सकाळी ती अंगणवाडीला निघाली की दारात उभे राहून विचारायचे, "आलं का?" ती म्हणायची, "न्हाई सर, आज बी न्हाई." असे दोन पावसाळे गेले. ब्राझीलहून काही आलं तरी आता ते ओरडत नसत. गूळही मागत नसत.

माघात एका सकाळी ते पेपर न्यायला आले नाहीत. मी पेपर घेऊनच मागं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, नेहमीसारखं. डॉक्टर म्हणाला, झोपेत हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. वय झालं होतं. माणसं मरतात, त्यात रडण्यासारखं काय आहे असं मी आजवर म्हणत आले. मुलगा पुण्याहून आला, शहाणा आहे, त्यानं सगळा झाडपाला कॉलेजला नेऊन दिला. जाताना भाड्याची पावती मागावी तसं अवघडून म्हणाला, "आजी, खोलीची किल्ली द्यायची राहिली असेल बाबांकडून." मी टेबलाकडं बोट दाखवलं. कुलूप कागदांवर होतं, दोन्ही किल्ल्या त्याला तशाच बांधलेल्या.

वैशाखात रंजना अंगणवाडीतून भर उन्हात घरी आली. मोबाइल माझ्यापुढं धरला. "आत्या, आलं."

मासिकानं दुरुस्ती छापली होती. मी पहिल्यांदा तेच विचारलं, "पैसे मागत असतील?"

"न्हाई. दुरुस्तीला मागत न्हाईत म्हणं. कुणी बी उघडावं, कुठनं बी."

म्हणजे सरांचा लेख अजून कुलपातच आहे. सरांची चूक तेवढी साऱ्या जगाला फुकट. मी म्हटलं, वाच. रंजनानं मराठी करून वाचलं. फार नव्हतं. कडूकंद शिजवण्याची पुरी रीत, दुसऱ्या पाण्यासकट. आणि खाली असं, की माहिती देणाऱ्या बाईंनी संपूर्ण रीत सांगितली होती, ती लिहून घेताना लेखकाकडून शेवटच्या पायऱ्या राहिल्या, चूक सर्वस्वी लेखकाची आहे.

"पुन्यांदा वाच," मी म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. तेच होतं.

हा माणूस खोट्या मासिकांनासुद्धा आपल्या तोंडात किती दात उरलेत ते खरं खरं कळवणारा. जन्मात एकदा खोटं लिहिलं, ते माझ्यासाठी, आणि तेच असं उघड्यावर पडलं की जगात कुणीही वाचावं. मी त्याला उत्तर काय देणार, आणि कुठल्या पत्त्यावर? रंजना म्हणाली, मासिकाला कळवू. मी म्हटलं, त्यांना पुरावा लागेल आणि माझं वय आता दोन पावसाळे थांबायचं नाही. म्हणून हे इथं लिहिलं. बाईंनी संपूर्ण रीत सांगितली नव्हती. बाई मीच.

आणि रीत अशी. कंद सोलून पातळ चकत्या करायच्या. राखेच्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी लांब, जनावर पिणार नाही असं ओतायचं. मग दुसरं पाणी. नवीन पाणी, नवीन राख, पहिल्याइतकाच वेळ. तेही फेकायचं. नंतर चकत्या पाटीत भरून वाहत्या ओढ्यात दिवस आणि रात्र ठेवायच्या, वर दगड ठेवून. सकाळी एक तुकडा जिभेला लावायचा. झिणझिण्या आल्या तर टाकून द्यायचं, हळहळायचं नाही. ही ओढ्याची गोष्ट सासूनं मला शेवटी सांगितली होती. दुसरं पाणी कबूल केलं तेव्हाही मी ती सरांना सांगितली नव्हती, अंगणात चूल मांडल्यावरच सांगितली. आता माझ्याजवळ काही उरलेलं नाही.

पेपर हल्ली मला त्या त्या दिवशीच मिळतो. सकाळीच वाचून होतो. मधलं पान उघडताना मी अजून सावकाश उघडते, काडी मोडेल म्हणून. आत काही नसतं.